सीमाभागातील एजन्सीसाठी मासिक जाहिरात-अहवाल स्वयंचलित करण्याची पद्धत

बेळगावातील छोट्या डिजिटल मार्केटिंग एजन्सीत महिन्याचे पहिले तीन-चार दिवस अहवालांत जातात. टिळकवाडीतील दवाखाना, शहापूरचे साडी दुकान, उद्यमबागेतील फाउंड्री, निपाणीतील सराफ अशा प्रत्येक क्लायंटसाठी कोणीतरी मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती), गूगल अ‍ॅड्स आणि गूगल अ‍ॅनालिटिक्स (वेबसाइटवरील भेटींची नोंद) उघडून आकडे शीटमध्ये उतरवतो, स्क्रीनशॉट चिकटवतो आणि पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. हे काम यंत्राकडे सोपवण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल शीट्स, शीटला जोडून छोटे प्रोग्रॅम चालवणारी अ‍ॅप्स स्क्रिप्ट आणि आकड्यांचे तक्ते-आलेख मांडणारा, २०२२ पर्यंत डेटा स्टुडिओ या नावाने ओळखला जाणारा लुकर स्टुडिओ एवढ्यावर दहा-पंधरा क्लायंटचे अहवाल निभतात. मात्र या कामातील अवघड भाग जोडणीचा नसून नावांचा आणि तारखांचा आहे, आणि तो स्क्रिप्टची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच उरकावा लागतो.

आमच्याकडे एकाने कॅम्पेनच्या नावात बेळगाव लिहिले होते, दुसऱ्याने बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे, आणि तिसऱ्याने रेल्वे स्थानकाचे बीजीएम हे लघुरूप वापरले होते. बेरजेच्या सूत्राला ही तीन निरनिराळी गावे वाटतात. म्हणून प्रत्येक कॅम्पेनचे नाव क्लायंट, माध्यम, भाषा, क्षेत्र आणि उद्देश या पाच तुकड्यांचे असावे, तुकड्यांमध्ये अधोरेषा असावी आणि क्रम कधीही बदलू नये, उदाहरणार्थ साडी_मेटा_मरा_बेळ_चौकशी. प्रत्यक्षात हे नाव लहान रोमन अक्षरांत लिहिणे सोयीचे जाते. नाव हाताने टंकू न देता शीटमधील ड्रॉपडाउनमधून तुकडे निवडायला लावावेत व तयार झालेले नाव तेथून उचलून कॅम्पेनला द्यावे. यूटीएममध्येही (जाहिरातीच्या लिंकला जोडलेल्या ओळखखुणेत) हेच नाव जावे, म्हणजे अ‍ॅनालिटिक्समधील भेटी जाहिरातीच्या खर्चाशी जुळवता येतात. जुन्या कॅम्पेनची नावे बदलण्यात एक दिवस जातो, पण तो टाळू नये.

त्यानंतर आकडे आणण्याची व्यवस्था करावी. गूगल अ‍ॅड्सच्या आतच स्क्रिप्ट लिहून दररोजचा खर्च, क्लिक आणि रूपांतरणे (क्लिकनंतर झालेली चौकशी किंवा खरेदी) थेट शीटमध्ये टाकता येतात. अ‍ॅनालिटिक्सचे आकडे अ‍ॅप्स स्क्रिप्टमधील डेटा एपीआयच्या (प्रोग्रॅमला आकडे मागता येतील अशा दाराच्या) सेवेतून येतात, आणि मेटाचे आकडे मार्केटिंग एपीआयला विनंती पाठवून मिळतात. लुकर स्टुडिओत मेटासाठी गूगलचा स्वतःचा कनेक्टर (आकडे आपोआप आणणारी जोडणी) नाही. बाहेरचे कनेक्टर बहुतेक सशुल्क असतात, म्हणून मेटाचे आकडे आधी शीटमध्ये आणून तेथून दाखवणे परवडते. येथे दोन ठिकाणी नवखा माणूस हमखास अडखळतो. गूगल अ‍ॅड्सच्या एपीआयमध्ये रक्कम मायक्रोमध्ये येते, म्हणजे १ रुपया तेथे १० लाख असतो, त्यामुळे भागाकार विसरल्यास अठरा हजारांचा खर्च अब्जांत दिसतो. दुसरे म्हणजे अ‍ॅप्स स्क्रिप्टची एक फेरी ६ मिनिटांपलीकडे चालत नाही, तेव्हा सर्व क्लायंट एकाच फंक्शनमध्ये कोंबू नयेत.

तारखांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अ‍ॅनालिटिक्सचे आकडे पक्के होण्यास २४ ते ४८ तास लागू शकतात, त्यामुळे १ तारखेला सकाळी काढलेला अहवाल अर्धाकच्चा असतो. शिवाय गूगल अ‍ॅड्समध्ये रूपांतरण ज्या दिवशी घडले त्या दिवशी नव्हे, तर क्लिक ज्या दिवशी झाले त्या दिवशी मांडले जाते. २८ तारखेला जाहिरातीवर क्लिक करून पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला चौकशी करणारे गिऱ्हाईक मागील महिन्यात जमा होते. म्हणून रोज रात्री केवळ कालचा दिवस न आणता मागील ३५ दिवस पुन्हा आणावेत व जुन्या ओळींवर नवे आकडे लिहावेत, आणि अहवाल ४ किंवा ५ तारखेला काढावा. उशिरा जमा होणाऱ्या आकड्यांसाठी अहवालावर 'अमुक तारखेपर्यंतची स्थिती' असे लिहावे. सर्व खात्यांचा वेळविभाग भारतीय आहे ना, हेही एकदा तपासावे. परदेशी वेळेवर उघडलेल्या खात्यात रविवार संध्याकाळची गर्दी भलत्याच तारखेला दिसते.

आणलेले आकडे ताजे आहेत ना, हे तपासण्याचा नियम आम्ही एका चुकीतून शिकलो. मेटाच्या दीर्घ मुदतीच्या टोकनचे (स्क्रिप्टला खात्यात शिरू देणाऱ्या डिजिटल परवान्याचे) आयुष्य साधारण ६० दिवसांचे असते. ते आमच्या नकळत संपले, स्क्रिप्टला नवे आकडे मिळाले नाहीत, आणि शीटमध्ये उरलेले दिवाळीच्या महिन्याचे आकडे पुढच्या महिन्याच्या मथळ्याखाली छापले गेले. साडीच्या व्यापाऱ्याने फोन करून एवढेच विचारले, "काय हो, दिवाळीत जेवढे फोन, तेवढेच नंतरपण आलेत की! दुकान तर रिकामं हाय." तेव्हापासून आम्ही मेटाच्या बिझनेस मॅनेजरमध्ये सिस्टीम युजर (माणसाऐवजी स्क्रिप्टसाठीचे खाते) करून मुदत न संपणारे टोकन वापरतो. त्याखेरीज स्क्रिप्ट आता प्रत्येक टॅबमधील सर्वांत अलीकडची तारीख पाहते. ती महिन्याच्या अखेरीशी जुळली नाही, किंवा खर्चाची बेरीज खात्यातील बिलाच्या आकड्यापेक्षा १ टक्क्याहून अधिक वेगळी आली, तर पीडीएफ तयार होत नाही आणि आम्हालाच मेल येते.

बिलाशी ताळा करताना जीएसटी विसरू नये. जाहिरात खात्यातील खर्च कर वगळून असतो, क्लायंटच्या बँकेतून मात्र १८ टक्के करासह रक्कम जाते. १०,००० रुपयांच्या जाहिरातीला ११,८०० का गेले हा प्रश्न दर महिन्याला येतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत.

सीमाभागात सर्वाधिक विचार मागणारी बाब म्हणजे भूगोल. तयार साच्यांत राज्यानुसार तक्ता असतो, आणि तो आपल्याकडे निरुपयोगी ठरतो, कारण निपाणीच्या सराफाचे गिऱ्हाईक कागल व गडहिंग्लजहूनही येते आणि चंदगडचे लोक खरेदीला बेळगावात येतात. राज्याचा तक्ता एकाच बाजाराचे दोन तुकडे करतो आणि निम्मी मागणी 'महाराष्ट्र' या शीर्षकाखाली परकी दिसते. यासाठी शीटमध्ये एक वेगळा टॅब करून कॅम्पेनच्या नावातील क्षेत्राच्या प्रत्येक तुकड्यापुढे आपले बाजारक्षेत्र लिहावे: निपाणी, कागल, गडहिंग्लज एकत्र, बेळगाव, खानापूर, चंदगड एकत्र. हे क्षेत्र कॅम्पेनच्या नावातील तुकड्यावरून घ्यावे, अ‍ॅनालिटिक्समधील शहरावरून नव्हे, कारण मोबाइलवरून आलेली भेट आयपीमुळे (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यामुळे) पुष्कळदा बेंगळूरु किंवा पुण्याच्या नावावर पडते.

भाषेचेही तसेच आहे. मराठी व कन्नड जाहिरातींचा प्रति चौकशी खर्च स्वतंत्र दाखवावा. एकत्र सरासरीत दोन्हींपैकी कोणतीच खरी दिसत नाही. अहवालाचे मथळेही दोन भाषांत लागतात, कारण मालक मराठी वाचतो आणि त्याचा हिशेबनीस कदाचित कन्नड. आम्ही मथळ्यांचा एक टॅब ठेवला असून त्यात सांकेतिक नाव, मराठी आणि कन्नड असे तीन स्तंभ आहेत. साचा एकच राहतो आणि क्लायंटच्या ओळीत लिहिलेल्या भाषेनुसार शब्द बदलतात. कन्नड मथळे मात्र जाणकाराकडून तपासून घ्यावेत, भाषांतराच्या यंत्रावर सोडू नयेत.

अहवाल दोन पानांहून मोठा असू नये, असे माझे मत आहे. पहिल्या पानावर खर्च, चौकशा, प्रति चौकशी खर्च आणि मागील महिन्याशी तुलना. दुसऱ्यावर बाजारक्षेत्र व भाषा. 'चौकशी' म्हणजे काय, हे प्रत्येक क्लायंटशी आधी ठरवून तळाशी लिहावे, कारण मेटाचा सुरू झालेला संवाद, वेबसाइटवरचा फॉर्म आणि दुकानातला फोन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

लुकर स्टुडिओ ठरलेल्या वेळी पीडीएफ मेल करू शकतो, पण आम्ही ती मेल क्लायंटला न लावता स्वतःलाच लावली आहे. खाते सांभाळणारा माणूस ती उघडतो, दोन-तीन वाक्ये लिहितो, जसे की गणेशोत्सवात कन्नड जाहिरात बंद ठेवल्याने चौकशा घटल्या, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. एका क्लायंटमागे यास दहा मिनिटे पुरतात, आणि व्यापारी सहसा तीच वाक्ये वाचून फोन करतो.