बसची मागणी करण्याआधी वाट मोजा: खारघरच्या सोसायट्यांसाठी

खारघरचं लोकल स्टेशन नोडच्या, म्हणजे नवी मुंबईतल्या या आखीव उपनगराच्या, एका टोकाला, महामार्गालगत आहे. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो मात्र उत्सव चौक, केंद्रीय विहार, सेंट्रल पार्क अशी थेट वस्तीतून धावते. तरीही गाडी जवळ आली म्हणून लोक आपोआप तिच्याकडे वळत नाहीत. दारापासून फलाटापर्यंतची वाट सुखाची असेल, तरच घरातल्या दुसऱ्या कारचा विचार मागे पडतो. मग त्याच वाटेवर वाणसामान, दवाखाने, शिकवण्या तग धरतात.

सुरुवात चालण्यापासून करा. सोसायटीच्या गेटापासून स्थानकापर्यंत घड्याळ लावून चाला. धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे ८०० मीटरला दहा मिनिटं. सोबत एखाद्या आजींना घ्या. त्या जिथे फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरतात, ती प्रत्येक जागा नकाशावर खुणेने दाखवा. फुटपाथची रुंदी भिंत ते खांब अशी, मोकळी तेवढीच मोजा. किमान १.८ मीटर हवी. कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. गटाराचं निसटलेलं झाकण पावसाळ्यात पाण्याखाली दिसत नाही, म्हणून ही पाहणी एकदा पावसातही करा.

याच फेरीत मागचं गेट तपासा. सुरक्षेच्या नावाखाली ते कायमचं बंद असतं आणि त्यापायी रहिवाशांना अख्ख्या कंपाउंडला वळसा पडतो. सकाळी ६ ते रात्री १० ते उघडं ठेवून तिथे एक वॉचमन बसवा. इतक्या कमी खर्चात इतका वेळ वाचवणारं दुसरं काम आम्हाला माहीत नाही.

मग मोजणी. मंगळवार ते गुरुवारमधला एक दिवस निवडा. सोमवार-शुक्रवारची गर्दी वेगळी असते. सकाळी ७.३० ते १०.३० आणि संध्याकाळी ६ ते ९, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना. स्थानकाच्या तोंडाशी तिघे उभे राहा: एकाने रिक्षाकडे जाणारे मोजायचे, दुसऱ्याने बसकडे, तिसऱ्याने पायी. थोड्यांना फक्त सेक्टर विचारा. नाव, फोन विचारायची गरज नाही.

आता सोसायट्यांपासून स्थानकापर्यंतच्या बसचं गणित. एक फेरी, जाऊन-येऊन आणि टोकाला थांबण्याच्या वेळेसह, ४० मिनिटांची असेल आणि दर १० मिनिटांनी बस हवी असेल, तर ४० भागिले १० म्हणजे ४ बस लागतील. बिघाडासाठी एखादी राखीव वेगळी. नेमकी इथेच बहुतेक मागण्या फसतात. "आमच्या गल्लीतूनही न्या" म्हणत फेरी ५० मिनिटांची झाली, की त्याच ४ बस साडेबारा मिनिटांनी येऊ लागतात. वाट बघून कंटाळलेला माणूस रिक्षा पकडतो आणि वर्षभरात मार्ग रिकामा पडतो. म्हणून मार्ग सरळ ठेवा, लोकांना पाचेक मिनिटं चालू द्या, पण बस वारंवार हवी हे सोडू नका.

थांबा शक्यतो सिग्नलच्या पुढे मागा. सिग्नलच्या आधी असेल तर उभी बस डावीकडे वळणाऱ्यांना अडवते. बस कडेला टेकली पाहिजे. लो-फ्लोअर बसची पायरी रस्त्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर असते; १५ सेंटिमीटरच्या फुटपाथवरून ती २५ उरते. थांब्यावर एक कार लावली, की गुडघे दुखणाऱ्याला पुन्हा पूर्ण ४० चढावे लागतात. त्यामुळे शेडपेक्षा नो-पार्किंगची आखणी आधी मागा.

अर्ज एकच लिहून सगळ्यांना पाठवू नका, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बसमार्ग एनएमएमटीकडे (नवी मुंबई महापालिकेची बससेवा), फुटपाथ आणि दिवे पनवेल महानगरपालिकेकडे, मेट्रो स्थानकाच्या आवारातली सोय सिडकोकडे (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी), पार्किंग वाहतूक पोलिसांकडे. प्रत्येकाला एक पान, एक नकाशा, त्याच्याच कामाचे आकडे. पोच घ्यायला विसरू नका.

विकासाची बाजूही त्यात मांडा. नवी मुंबईत रेल्वे आणताना सिडकोने दोन तृतीयांश खर्च उचलला आणि वाशी, बेलापूरसारख्या स्थानकांवरच कार्यालयांच्या इमारती उभ्या केल्या. गाडी आणि कामाची जागा एकत्र आखायची रीत इथली जुनीच आहे. तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास होणार असेल, तर वाटेकडे लांबच लांब कोरी भिंत येऊ देऊ नका. तळमजल्यावर दुकानं आणि मधून पायवाट, हे आराखड्याच्या पहिल्या बैठकीतच मागा. नकाशे मंजूर झाल्यावर बदल महाग पडतात.

बस सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी त्याच वारी, त्याच जागी, रिक्षा, बस, पायी अशी तीच मोजणी पुन्हा करा. सुट्टीचा आठवडा मात्र टाळा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.