केलेआउटचा टूलबार: या चुका टाळा

"दादा, तार ओढली आहे, डोळ्यांना दिसतेय, डीआरसी क्लीन आहे, तरी एलव्हीएस म्हणतंय नेट तुटलेलं आहे." रात्री साडेनऊला पाचोऱ्याहून फोन. डीआरसी म्हणजे काढलेले आकार कारखान्याच्या नियमांत बसतात का याची तपासणी, एलव्हीएस म्हणजे लेआउट मूळ सर्किटशी जुळतो का याची, आणि नेट म्हणजे एकमेकांना जोडलेली टोकं. दोन तास पोरगं एका इन्व्हर्टरशी झुंजत होतं (घरातला नव्हे, चिपमधला: शून्याचं एक आणि एकाचं शून्य करणारं छोटं सर्किट).

जळगावात माझ्याकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पाच-सहा मुलं-मुली रविवारी चिप लेआउट, म्हणजे चिपच्या थराथराचं (लेअरचं) चित्र काढायला शिकायला येतात. सॉफ्टवेअर केलेआउट, कारण ते फुकट आणि खुलं आहे. सोबत स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीची १३० नॅनोमीटरची पीडीके, म्हणजे त्या प्रोसेसचे लेअर आणि नियम यांचा संच, जी गूगलच्या साथीने २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. डिझाइन रूल्स ही मुलं पटकन पाठ करतात. अडतात ती टूलबारवर. टूलबारवरचं बटण तुमच्या पुढच्या क्लिकचा अर्थ ठरवतं आणि दुसरं दाबेपर्यंत तोच अर्थ चालू राहतो, एवढं ध्यानात नसलं की सॉफ्टवेअर बिघडल्यासारखं वाटायला लागतं.

पहिल्याच रविवारची ठरलेली तक्रार: पॉलिगॉन, बॉक्स, पाथ ही बटणंच दिसत नाहीत. एकाने तर सॉफ्टवेअर तीनदा काढून तीनदा टाकलं. केलेआउट व्ह्यूअर आणि एडिटर अशा दोन रूपांत उघडतं, आणि व्ह्यूअरमध्ये ही बटणं नसतातच. विंडोजवर एडिटरचा शॉर्टकट वेगळा असतो, तो वापरा. नाहीतर फाईल मेनूत सेटअप, त्यात ॲप्लिकेशन, त्यात एडिटिंग मोड, तिथे कायमची खूण करा आणि सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. परत उघडल्याशिवाय फरक पडत नाही, आणि हे वाक्य मी दर वर्षी किमान चारदा बोलतो. अख्खा टूलबारच गायब असेल तर व्ह्यू मेनूत त्याची खूण निघालेली असते.

आता पाचोऱ्याचं दुखणं. मी म्हटलं, त्या तारेवर क्लिक कर, क्यू दाब आणि लेअर वाच. "मेट-वन... ६८/५." इथेच होतं सगळं. या पीडीकेत मेटल-वनचं, म्हणजे तारांच्या एका धातूच्या थराचं, खरं ड्रॉइंग ६८/२० वर असतं, पिन ६८/१६ वर आणि लेबल ६८/५ वर. यादीत तिघंही जवळजवळ, आणि रंगही एका घराण्यातले. त्याने दोन्ही टोकांचे चौकोन बरोबर ६८/२० वर काढले, मधे एकदा नेटचं नाव टाकायला लेबलची ओळ निवडली आणि मग तसंच पाथचं बटण दाबून तार ओढली. तार लेबलच्या लेअरवर गेली. मेटलचे दोन सुटे चौकोन नियमात बसत होते म्हणून डीआरसी गप्प राहिलं. एलव्हीएसला मात्र मधलं मेटल सापडेना. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर मोटार चालू, पाणी वाहतंय, पण व्हॉल्व्ह शेजारच्या ओळीचा उघडा, केळी कोरडीच.

म्हणून बॉक्स असो की पाथ, बटण दाबल्यावर आणि पहिला क्लिक करण्याआधी एकदा उजवीकडच्या लेअरच्या यादीत नजर टाका. निवडलेली ओळ तीच आहे ना? आकडा वाचा, रंगावर जाऊ नका. ती ओळ लपवलेली असेल तर काढलेलं दिसणारच नाही. केलेआउट तशी सूचनाही देतं, पण ती खिडकी परत दाखवू नको अशी खूण आपणच करून बसलेलो असतो. मग एकाच जागी पाच-पाच बॉक्स काढले जातात आणि लेअर दिसायला लागल्यावर डोक्याला हात लावायची वेळ येते.

पाथचं अजून एक. त्याची रुंदी टूलबारवर नसते, एफ३ दाबल्यावर येणाऱ्या खिडकीत असते, आणि आधीच्या वेळची तशीच राहिलेली असते. मेटल-वनची किमान रुंदी ०.१४ मायक्रॉन. खिडकीत ०.१ पडलेले असतील तर दहा तारा ओढून झाल्यावर दहाही तारा चुकीच्या. टोकाचा प्रकारही तिथेच. फ्लश टोक तुमच्या शेवटच्या बिंदूवरच थांबतं, त्यामुळे व्हाया, म्हणजे दोन थरांना जोडणारा खांब, मेटलने नीट झाकला जात नाही.

त्याच खिडकीत ग्रिड आहे, म्हणजे कोपरे ज्या बिंदूंवर बसतात ती जाळी, आणि इथे मी कडक आहे. या प्रोसेसचा ग्रिड ५ नॅनोमीटरचा, म्हणजे ०.००५. ग्रिड सोडून एक नॅनोमीटरवर काम केलं की माउस थरथरला तरी कोपरा भलतीकडे बसतो. स्क्रीनवर ठिपके दिसतात म्हणून माउसही त्यांनाच चिकटतोय असं धरून चालू नका. दिसणारा ग्रिड आणि चिकटणारा ग्रिड वेगवेगळे असू शकतात.

मूव्ह आणि पार्शल यांची गल्लत तर रोजची. बॉक्सची एकच कड सरकवायची असते आणि मूव्ह चालू असल्यामुळे अख्खा बॉक्स सरकतो. कड किंवा कोपरा हलवायला पार्शल घ्या. पेंटमध्ये ओढतो तसं दाबून ओढायची सवय सोडा: एक क्लिक उचलायला, एक क्लिक ठेवायला. चुकलं तर आधी एस्केप, मग विचार. एकावर एक आकार असतील आणि भलताच निवडला जात असेल तर त्याच जागी परत परत क्लिक करा, खालचे एकेक निवडले जातात.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र हायरार्कीची, म्हणजे एका सेलमध्ये (सर्किटच्या तुकड्यात) दुसरा सेल बसवण्याची. चोपड्याच्या एका मुलीने चार इन्व्हर्टरची रांग लावली आणि तिसऱ्यातला एक कॉन्टॅक्ट (खालच्या थराला जोडणारा छोटा चौकोन) जरासा उजवीकडे घेतला. चारही ठिकाणचे कॉन्टॅक्ट सरकले. "काय झालं भो हे?" म्हणून ती माझ्याकडे बघतेय. अगं, ते चार इन्व्हर्टर नाहीतच, एकाच सेलची चार उदाहरणं, म्हणजे इन्स्टन्स, आहेत. तू मूळ सेलमध्ये हात घातलास. वरच्या पातळीवर काम करताना एडिट मेनूतलं 'सिलेक्ट टॉप लेव्हल ऑब्जेक्ट्स' चालू ठेवा, म्हणजे क्लिक केल्यावर पूर्ण इन्स्टन्स निवडला जाईल, आतला आकार नाही. आणि फाईल उघडल्यावर नुसते नाव लिहिलेले रिकामे चौकोन दिसले तर घाबरू नका, चांदणीची कळ दाबा. सगळ्या पातळ्या उघडतात.

रूलरबद्दल थोडकंच. तो आकार नाही, मोजपट्टी आहे. जीडीएसमध्ये, म्हणजे लेआउट साठवायच्या फाईलमध्ये, जात नाही. पट्ट्यांचा पसारा झाला की कंट्रोल-के. मोजताना मात्र जवळ झूम करा, लांबून मोजलं की पट्टी शेजारच्याच कडेला चिकटते आणि अंतर नियमात बसल्यासारखं दिसतं.

जीडीएस फाईलमध्ये रंगही जात नाहीत. पाचोऱ्याच्याच पोराने फाईल मित्राच्या लॅपटॉपवर उघडली आणि सगळं भलत्याच रंगांत, लेअरना नावं नाहीत, नुसते आकडे. फाईल खराब झाली म्हणून परत फोन, या वेळी अकरा वाजता. फाईल धडधाकट होती. लेअर प्रॉपर्टीजची वेगळी फाईल असते, तीही सोबत पाठवायची आणि फाईल मेनूतून लोड करायची.