फोटो नेटवर टाकण्याआधी करायची तयारी

स्क्रीनवर जे दिसतं त्याची कॉपी निघते. राइट-क्लिक बंद केलं, डाउनलोडचं बटण लपवलं, तरी स्क्रीनशॉट उरतोच. व्हॉट्सॲपवर एकदाच उघडणारा फोटोसुद्धा दुसऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपता येतो. म्हणून कॉपी होणार हे धरूनच चालावं, आणि कॉपी करणाऱ्याच्या हाती कमीत कमी लागेल असं पाहावं.

आधी आकार. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४०००×३००० पिक्सेलचा असतो. छपाईच्या ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) हिशेबाने तो १३ इंच रुंद निघतो, म्हणजे कुणाच्याही कॅलेंडरवर खुशाल छापता येईल. लांब बाजू १०८० पिक्सेल केली की स्वच्छ छपाई जेमतेम साडेतीन इंचांची. मोबाइलवर पाहणाऱ्याला फरक कळतही नाही. आकार कमी करताना चारही बाजूंची थोडी कड कापून टाका. ती कड फक्त तुमच्याकडच्या मूळ फाइलमध्ये राहते आणि फोटो कुणाचा हा वाद झाला तर तीच कामी येते. मूळ फाइल कुणालाही देऊ नका.

वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर पुसट उमटवलेलं आपलं नाव, घरगुती फोटोंना फारसा लागत नाही. मेंदी, केक, रांगोळी, रुखवत यांच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी मात्र तो टाकावाच. कोपऱ्यातलं नाव क्रॉप करून जातं. मोकळ्या भिंतीवरचं किंवा आकाशावरचं नाव तर मोबाइलमधलं इरेझर क्षणात पुसतं. नाव बारीक नक्षीवरून, कामाच्या मधोमध जाऊ द्या आणि ३०-४० टक्के गडद ठेवा. तिथून ते पुसलं तर नक्षीही बिघडते.

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, मोबाइलचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करा. आयफोनवर शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये लोकेशन काढता येतं. विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ उघडा. माहिती काढून टाकण्याचा पर्याय तळाशी आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर ही माहिती निघून जाते, पण क्वालिटी जाऊ नये म्हणून डॉक्युमेंट करून पाठवलं की जशीच्या तशी पोचते. नेमकी इथेच चूक होते. शिवाय फोटोत उघड दिसणारंही तपासा: दारावरची फ्लॅट नंबरची पाटी, गॅलरीतून दिसणारं समोरच्या सोसायटीचं नाव, मुलांचा गणवेश, गळ्यातलं ओळखपत्र.

चेहऱ्याच्या फोटोला आकार कमी करून संरक्षण मिळत नाही, कारण बनावट प्रोफाइलला छोटा फोटोही पुरतो. तिथे प्रेक्षक कमी करणं हाच उपाय. फेसबुकवर प्रोफाइल लॉक करा आणि मित्रयादी लपवा. तोतया त्याच यादीतल्या लोकांकडे पैसे मागतो. इन्स्टाग्राम प्रायव्हेट केलं तरी प्रोफाइलचा फोटो सगळ्यांना दिसतो, तेव्हा तिथे चेहरा नको. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत प्रोफाइल फोटो ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवा.

दोन गळत्यांकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली झेरॉक्सचं दुकान. स्टेशनबाहेर पासपोर्ट साइज फोटो छापायला आपण दुकानाच्या व्हॉट्सॲपवर चेहरा पाठवतो, कधी आधार कार्डही, आणि फाइल त्या कॉम्प्युटरवर पडून राहते. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ने चॅटमधलं जातं, डाउनलोड झालेलं नाही. प्रिंट हातात आली की समोर उभं राहून फाइल डिलीट करून घ्या, रिसायकल बिनही रिकामं करायला सांगा. यात संकोच कसला? दुसरी गळती लग्नाचा ऑनलाइन अल्बम. त्याची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपमधून कुठेही जाते, म्हणून महिनाभराने लिंक शेअरिंग बंद करा. तुमच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन काढलेल्या फोटोंचे पहिले मालक, उलट करार नसेल तर, तुम्हीच, असं कॉपीराइट कायदा १९५७चं कलम १७ सांगतं. त्यामुळे फोटोग्राफरच्या कागदावर सही करण्याआधी हक्कांचा मजकूर नीट वाचा, आणि विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकू नये ही अट लिहून घ्या.

फोटो कुठे फिरतोय हे गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या सोयींवर अधूनमधून शोधा. सापडला तर आधी पुरावा: पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, लिंक, तारीख-वेळ. मगच रिपोर्ट करा. आधी रिपोर्ट केलं आणि पान उडालं तर हातात काही राहत नाही. चोराशी कमेंटमध्ये भांडू नका, तो ब्लॉक करून नाव बदलतो. खासगी, अश्लील फोटोंची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय या संकेतस्थळावर फोटो न पाठवता फक्त त्याचा डिजिटल ठसा (फोटोवरून बनणारा, तो ओळखण्यापुरता कोड) देता येतो. ही सोय १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, लहानांसाठी तशीच ‘टेक इट डाउन’ ही सोय. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बाकी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदवा, आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.