एमएस्सी फिजिक्सनंतर किरणोपचारातल्या संशोधनाकडे कसं वळायचं

आधी पात्रतेचं सांगून टाकते, कारण आपल्याकडची हुशार मुलं इथेच अडतात. जळगावच्या विद्यापीठातून नुसतं एमएस्सी फिजिक्स झालं म्हणून हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणोपचाराचा डोस मोजणारा आणि आखणारा भौतिकतज्ज्ञ, होता येत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, त्यावर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा आणि किरणोपचार विभागातली वर्षभराची इंटर्नशिप लागते. भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे बीएआरसी, हा एक वर्षाचा डिप्लोमा मुंबईत अणुशक्तीनगरला चालवतं. दुसरी वाट थेट एमएस्सी मेडिकल फिजिक्सची. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातला अभ्यासक्रम त्यातला जुना. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षापासून जाहिरातींवर लक्ष ठेवा. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची परीक्षा वेगळी असते, तीही लगोलग देऊन टाका.

डिप्लोमा झाला की लगेच पीएचडीच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन वर्षं गर्दीच्या विभागात काम करा. शिकवणारं हॉस्पिटल मिळालं तर पगार थोडा कमी असला तरी तेच घ्या. संशोधनाचा प्रश्न लायब्ररीत सापडत नाही, तो मशिनपाशी उभं राहून सापडतो.

मला तो मास्कमध्ये सापडला. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे किती पेशंट आपल्या खानदेशातून येतात, हे तंबाखू-गुटख्याच्या टपऱ्या पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. त्यांना साधारण 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं एकक) रोज, आठवड्याचे पाच दिवस, असे सहा-सात आठवडे किरणांचे शेक दिले जातात. एकूण 60 ते 70 ग्रे. डोकं हलू नये म्हणून थर्माप्लास्टिकची जाळी, म्हणजेच हा मास्क, गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात आणि त्याच स्थितीत सीटी काढून किरण कुठून, किती द्यायचे याचा प्लॅन बनवतात. पुढे तोंडात फोड येतात, भाकरीचा घास जात नाही, वजन उतरतं. पारोळ्याकडचे एक आप्पा चौथ्या आठवड्यात टेबलावर आडवे होता होता म्हणाले, "ताई, हाई आते ढिलं व्हयी गयं." मी जाळीच्या कडेतून बोट घातलं तर गालापाशी आरामात आत गेलं. प्लॅन मात्र पहिल्या दिवशीच्या गालावर बनवलेला होता.

इथे फिजिक्स सुरू होतं. गाल आत गेला की कानाखालची पॅरोटिड ही लाळग्रंथी मधल्या जास्त डोसच्या भागाकडे सरकते. तिचा सरासरी डोस 25-26 ग्रेच्या आत राहिला तर लाळ वाचण्याची शक्यता चांगली असते. तो वाढला की तोंड पुढे कितीतरी काळ कोरडं राहतं. मज्जारज्जूला 45 ते 50 ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नसतं. मग वजन किती उतरल्यावर, कितव्या आठवड्यात पुन्हा सीटी काढायचा? जगभर यावर पेपर आहेत. पण एकच सीटी आणि बाहेर लांब रांग असलेल्या आपल्या विभागात आधी कुणाचा प्लॅन बदलायचा, हे आपल्याच पेशंटच्या आकड्यांवरून काढावं लागतं. पीएचडीसाठी असा विषय निवडा की ज्याच्या उत्तरावर उद्या सकाळी टेबलावर काहीतरी बदलेल.

त्याआधी हातात मोजमाप बसलं पाहिजे. रुग्णाला दिलेला डोस पाच टक्क्यांच्या आत बरोबर असावा, अशी जुनी मान्य अपेक्षा आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या, म्हणजे आयएईएच्या, टीआरएस-398 या पद्धतीत मशिनचा डोस पाण्यात मोजतात: सहा एमव्हीच्या (मेगाव्होल्टच्या) लिनॅकला, म्हणजे शेक देणाऱ्या मशिनला, 10 सेंटिमीटर खोलीवर, 10 बाय 10 सेंटिमीटरच्या फील्डमध्ये. डोस मोजणाऱ्या आयन चेंबरची पोकळी बाहेरच्या हवेला उघडी असते. हवा तापली किंवा दाब उतरला की पोकळीत हवा कमी मावते आणि रीडिंग कमी येतं. म्हणून 20 अंश आणि 101.325 किलोपास्कल धरून दुरुस्ती करतात. पाणी 25 अंश आणि दाब 98 असेल तर गुणक 1.05 येतो. म्हणजे ही एक ओळ विसरलात तर ती अख्खी पाच टक्क्यांची मुभा तिथेच संपली.

आपल्या मुलखात दोन गोष्टी खास सांभाळायच्या. दाब मोबाईलवरून घेऊ नका. हवामानाच्या ॲपमध्ये बहुधा समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो. जळगाव सुमारे 200 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तेवढ्यानेच दोन टक्क्यांहून जास्त फरक पडतो. खोलीतलाच बॅरोमीटर वाचा. आणि मे महिन्यात रविवारभर एसी बंद राहिला असेल तर सोमवारी सकाळी खोली गार लागली तरी टाकीतलं पाणी गरमच असतं. थर्मामीटर पाण्यात बुडवा, भिंतीवरचं तापमान लिहू नका. शक्यतो टाकी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा. कुठल्याही प्रबंधाच्या आधी मी विद्यार्थ्याची ही वही बघते.

साधनांसाठी पैसे नाहीत ही सबब फारशी चालत नाही. मॉन्टे कार्लोसाठी, म्हणजे किरणांचा प्रवास संगणकावर यादृच्छिक आकड्यांनी मांडण्यासाठी, ईजीएसएनआरसी आणि जिअँट4 हे प्रोग्रॅम मोफत आहेत, पायथन मोफत आहे, आयएईएचं पाठ्यपुस्तक त्यांच्या साइटवरून उतरवता येतं. पेशंटचे जुने प्लॅन वापरायचे असतील तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या आणि नावं काढून टाका. आकडे गोळा करून मग परवानगी मागायची नसते.

पीएचडीसाठी होमी भाभा राष्ट्रीय संस्था बघा. बीएआरसी आणि टाटा मेमोरियल दोन्ही तिच्या छत्राखाली येतात. पहिलं काम मेडिकल फिजिसिस्टच्या संघटनेच्या, म्हणजे एएमपीआयच्या, वार्षिक परिषदेत मांडा आणि मग तिच्याच जर्नल ऑफ मेडिकल फिजिक्सकडे पाठवा. तिथे आपल्यासारख्या विभागांचे प्रश्न समजणारे परीक्षक भेटतात.

गाईड ठरवताना त्यांच्या पेपरांची यादी बघाच, पण विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. संध्याकाळी मशिन किती वाजता मोकळं होतं? त्यानंतर मोजायला थांबलं तर सोबत कोण थांबतं? जुन्या प्लॅनचा बॅकअप किती वर्षांचा आहे आणि तो उघडतो का? उत्तरं मिळाल्यावरच विषय नोंदवा.