अनसीन कवितांची तुलना, ८ मार्कांसाठी किती लिहायचं?

इंग्लंडमधे ज्यांची मुलं एक्यूए बोर्डाची जीसीएसई (तिथली आपल्या दहावीसारखी परीक्षा) इंग्लिश लिटरेचर देतायत त्यांच्यासाठी. पेपर २ मधे शेवटी दोन अनसीन, म्हणजे आधी न वाचलेल्या कविता येतात, पहिल्या कवितेवर २४ मार्क आणि दोन्हींच्या तुलनेला फक्त ८, पण मुलं तुलनेवरच पानंच्या पानं लिहीत बसतात. अख्खा पेपर सव्वादोन तासांत ९६ मार्कांचा, म्हणजे ८ मार्कांना साधारण ११ मिनिटं, बस्स. आणि इथे बघतात ते कवीने कसं मांडलंय हे, म्हणजे शब्द, प्रतिमा, रचना. "दोन्ही कविता आईवर आहेत" एवढ्यावर फारसं काही मिळत नाही हो. त्यापेक्षा एकीत छोट्या तुटक ओळी आहेत आणि दुसरीत एकच वाक्य या कडव्यातून त्या कडव्यात वाहत जातं, मग वाचताना मनात काय वेगळं होतं ते लिहायला सांगा. असे दोन-तीन मुद्दे पुरे, पण प्रत्येक मुद्द्यात दोन्ही कविता हव्यात, आधी एक संपवून मग दुसरी असं नको. घरी सरावाला दोन मराठी कविता घेतल्या तरी मस्त चालतं, कविता वाचायची नजर तीच लागते.