इंग्रजी विशेषणं: या चुका टाळा

‘सर, दोन्ही शब्दांचा अर्थ सेमच आहे नं?’ नागपूरच्या सीताबर्डीतल्या आमच्या क्लासमध्ये हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. सेम नसतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ अशी यादी पाठ केली, की तो शब्द कुठे शोभतो आणि कुठे खटकतो, हे शिकायचं राहूनच जातं.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘चीप’. काटोलकडच्या एका संत्रा बागायतदारांचा मुलगा माझ्याकडे शिकतो. आंबिया बहाराचं फळ छान उतरलं होतं. मुलानं दुबईच्या एका व्यापाऱ्याला मेल केला, ‘वुई सेल चीप ऑरेंजेस.’ आमचा भाव परवडेल, एवढंच त्याला सांगायचं होतं. उलट विचारणा आली, माल ज्यूससाठीचा आहे का? एक नंबरचं फळ समोरच्यानं चुरी, म्हणजे बारीक, हलक्या दर्जाचं फळ समजलं होतं! वडील मेलची प्रिंट घेऊन क्लासवर आले. ‘सर, स्वस्त म्हणजे चीपच नं? पोरानं चुकीचं काय लिहिलं?’

‘चीप’ किंमत सांगतं, पण बरेचदा सोबत दर्जाही खाली ओढतं. विमानाचं ‘चीप तिकीट’ बिनधास्त म्हणा. आपण विकत असलेल्या मालाला मात्र ते लावू नका, माणसाला तर नकोच. तिथे ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ किंवा ‘रीझनेबली प्राइस्ड’ लिहा. त्या मुलाला मी नवा मेल माझ्यासमोर लिहायला लावला, आणि फळाचा आकार, ग्रेड हे भावाच्या आधी घालायला सांगितलं.

‘इकॉनॉमिकल’ म्हणजे कमी खर्चात भागवणारं. चांगलं मायलेज देणारी गाडी इकॉनॉमिकल. स्कॉलरशिपच्या अर्जात ‘इकॉनॉमिकल कंडिशन’ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. तिथे ‘इकॉनॉमिक’ हवं, आणि घरच्या परिस्थितीला ‘फायनान्शियल’ त्याहून बरं.

‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ची गल्लत तर शिकलेली माणसंही करतात. इतिहासात महत्त्वाचं ठरलं ते हिस्टॉरिक. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तो दिवस हिस्टॉरिक. नुसता इतिहासाशी संबंध असेल तर हिस्टॉरिकल. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईवर कुणी कादंबरी लिहिली तर ती ‘हिस्टॉरिकल नॉव्हेल’. तिला ‘हिस्टॉरिक’ म्हटलं, तर त्या कादंबरीनंच इतिहास घडवला असं होईल.

यावरून लगेच ‘इक’वाला शब्द मोठा आणि ‘इकल’वाला साधा, असा नियम काढू नका. पंखा ‘इलेक्ट्रिक’ असतो आणि इंजिनिअर ‘इलेक्ट्रिकल’. तिथे लहान-मोठं काही नाही. मिनिटभराच्या व्हिडिओत असले नियम वाटणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्या भरवशावर पोरं स्पर्धा परीक्षेला बसतात आणि मार्क घालवून येतात. ज्याला पंधरा दिवसांत इंग्रजी हवं असतं, त्याला मी सरळ नाही म्हणतो. माझ्याकडे विशेषण वहीत एकटं लिहायचं नाही. शेजारी नाम पाहिजे, आणि तेही डिक्शनरीच्या उदाहरणातून उचललेलं, मनानं जोडलेलं नाही. वेळ लागतो. लागू द्या.

बाकीच्या चुका लवकर सुटतात. कंटाळा तुम्हाला आला असेल तर ‘आय ॲम बोअर्ड’. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणजे तुमचा कंटाळा दुसऱ्यांना येतो.

‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस. हळवा माणूस ‘सेन्सिटिव्ह’.

कोराडीच्या वीज केंद्राची धुराची चिमणी ‘टॉल’, हिमालयाची शिखरं ‘हाय’. माणूस आणि झाडही टॉलच.

मोठा भाऊ ‘एल्डर ब्रदर’ चालतो, पण पुढे ‘दॅन’ आला की ‘ओल्डर’च लिहायचं: ‘ही इज ओल्डर दॅन मी.’ इथे ‘एल्डर’ लिहिलेलं दिसलं की मी पूर्ण वाक्य पुन्हा लिहायला लावतो.