शुगर आणि बीपी दोन्ही आहे? किडनीच्या बाबतीत या चुका टाळा

क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) नॉर्मल आलंय म्हणजे किडनी ओके, असं समजून बरेच जण निवांत राहतात आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. किडनीचं जवळपास निम्मं काम कमी होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं, दुखत तर काहीच नाही, आणि पायावर सूज दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. आधी कळतं ते लघवीतून. एसीआर टेस्ट करून घ्या, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन किती गळतंय ते बघायचं. ते ३० mg/g च्या आत हवं. टाइप २ वाल्यांनी निदान झालं की लगेच आणि मग दरवर्षी, टाइप १ असेल तर ५ वर्षांनंतर सुरू करायची. ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळी किंवा खूप व्यायाम झालेला असेल तरी आकडा वाढतो, म्हणून एकाच रिपोर्टवर घाबरून जाऊ नका, परत करा. रक्तातून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज, तो पण काढा, तो ३ महिन्यांहून जास्त ६० च्या खाली राहिला तर किडनीचा आजार धरतात.

दुसरी चूक, बीपी १२० आलं म्हणून गोळी बंद. अहो, ते गोळी चालू आहे म्हणूनच आलंय ना! टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गोळ्या नुसतं बीपी उतरवत नाहीत, किडनीच्या गाळणीवरचा आतला दाब पण कमी करतात, त्यामुळे प्रोटीन गळणं कमी होतं. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुतेक वेळा गोळी चालूच ठेवतात, पण १-२ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम चेक करायलाच हवं. प्रेग्नन्सीत मात्र या गोळ्या चालत नाहीत, प्लॅन करत असाल तर आधीच डॉक्टरांना सांगा.

घरी बीपी बघताना धावत येऊन मशीन लावू नका. ५ मिनिटं शांत बसा, लघवीला जाऊन या, चहा-कॉफी अर्धा तास आधीपासून नको. बहुतेकांना १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात.

गुडघा दुखला की आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका, किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. आणि लो सोडियम मीठ चांगलं म्हणून आणाल तर थांबा, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम असतं आणि किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साठतं. साधंच मीठ, पण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर बीपीची गोळी आणि मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या तात्पुरतं थांबवायचं का हे त्याच दिवशी फोन करून विचारा, इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका.

शेवटचं म्हणजे, काही न बदलता शुगर अचानक खाली यायला लागली तर खूश होऊ नका. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, मग तोच डोस जड होतो आणि रात्री झोपेत शुगर पडू शकते, त्यामुळे पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डोस तपासून घ्या.